दुपट्ट्याखालचा भाव

कळमन्याच्या यार्डात तेवीस वर्षं मी भाव पुकारला.
पायाशी संत्र्याचा ढीग,
आवाज पार मागच्या ट्रकापर्यंत.
मंग एका सकाळी 'साडेअकराशे' म्हणताना
'साडे' तेवढं निघालं.
अकराशे आतच राहिले.

बायको म्हणे, हळद-गूळ घ्या.
दलाल म्हणे, खर्रा सोड बे.
मी त्या दिवशी डबल घोटून मागितला.

मेडिकलले जाताना सोबत पंजाबले नेलं.
पंजाब नेवारे, काट्यावरचा.
वजन लिहिते, बोलत नाही.
आम्ही म्हणायचो, याच्या तोंडाले बोलीच लागत नाही.
रांगेत उभं राहायले असाच माणूस बरा.

डॉक्टरीण बाईनं नाकातून नळी घातली
आणि पडद्यावर माह्याच गळा मले दाखवला.
ओला, गुलाबी. दोन पांढऱ्या दोऱ्या.
एका दोरीवर डाळिंबाचा दाणा चिकटावा तसं काही.
ज्याच्या भरवशावर दोन पोरींची लग्नं केली
ते एवढंसं!
विचारलं, सडकं आहे का?
ती म्हणाली, काढून तपासू.
काही गाठी आपल्या बांधात राहतात, काही बांध कोरतात.
वरून सांगता येत नाही.

मले येते वरून सांगता.
संत्रं हातात घेतलं की अंगठा बोलते:
हे डागाळलेलं, पण आत गोड,
हे चकचकीत, देठाशी काळं सुरू झालेलं.
पण आपल्याच गळ्यात अंगठा पोचत नाही.

निघताना तिनं पंजाबले सहज विचारलं,
तुमचा आवाज कधीपासून असा?
पंजाब म्हणाला, कसा?
तेवढ्या एका शब्दावर
तिनं त्याले खुर्चीत बसवलं.

दोन डब्या, दोन चिठ्ठ्या.
दोघांचे तुकडे त्याच उग्र वासाच्या पाण्यात.
अकरा दिवसांनी माह्या कागदावर लिहून आलं, सौम्य.
हा शब्द मी साबणाच्या कागदावर वाचला होता.
पंजाबनं त्याच्या कागदाची घडी केली
आणि वजनाच्या वहीत ठेवली,
जिथं तो रोजची तूट लिहिते.

पन्नी माह्या खिशातली असायची.
तेवीस वर्षं अर्धा खर्रा मी,
अर्धा त्याच्या तळहातावर.
हे कोणत्याच कागदावर नव्हतं.

मले तीन आठवडे मौन होतं, कुजबुजही नाही.
त्याची आवाजाची पेटीच काढायची होती, नऊ तारखेले.
आणि पंजाब बोलायले लागला.

संध्याकाळी काटा बंद झाला की लोखंडी खुर्ची ओढून,
करवत ओल्या लाकडात अडकावी तशा आवाजात.
बोलला, मोवाडच्या पुरात बहीण गेली तिचं नाव.
बोलला, कोणत्या अडत्याचं माप खोटं.
मारबतीच्या गर्दीत एकदा एका बाईनं
चुकून त्याचा हात धरला, अर्धा चौक सोडला नाही,
हे बोलताना त्यानं पाणी प्यायलं.
मंग म्हणे, तू माह्या गप्प राहण्यावर हसला न बे,
ते सारं मोजून आहे माह्याजवळ.

मी पाटीवर लिहिलं, चुकलो.
त्यानं ते बाहीनं पुसलं.
म्हणे, तुले बोलायची बंदी आहे.
आणि हसला. खोकला येईपर्यंत हसला.

आता त्याच्या गळ्यावर भोक आहे,
त्यावर जाळीचं फडकं, श्वासासरशी हलते.
माह्या आवाज परत आला, थोडा बसका.
काल लिलाव उरकल्यावर तो आला,
खांद्यावरचा दुपट्टा काढून
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला,
जसे जुने व्यापारी चारचौघांत
कोणाले न कळू देता सौदा करत.

खाली त्याची बोटं माह्या बोटांवर.
चार दाबली.
मंग अर्धं.
मंग पुन्हा चार.

कशाचा भाव आहे, मी विचारलं नाही.
विचारायले आवाज होता माह्याजवळ.